तीस सेकंदांची शांतता

१

गाद्या तीन मिळाल्या. दोन वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड घर सोडताना जिन्यात टाकून गेलं होतं, आणि तिसरी आमची पाहुण्यांची. पाहुणे हल्ली आले तरी चहा पिऊन जातात, त्यामुळे तिच्यावर आता हक्क माझा. आम्ही दोघांनी त्या आतल्या खोलीत ओढत नेल्या आणि लांब भिंतीला टेकवून उभ्या केल्या.

"फुकट ते पौष्टिक," हे म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान, भूगोलाचे निवृत्त मास्तर.

"पौष्टिक आहे ना, मग नीट उचला. माझ्या पायावर ठेवू नका."

खिडकीवर रजई ठोकली. दारावर दुहेरी ब्लँकेट. कपाटाची दारं सताड उघडी, म्हणजे आतले कपडे आवाज पितील. खाली सतरंजी. माइकसमोर लावायची जाळी विकत घ्यायची तर महाग, म्हणून भरतकामाच्या रिंगवर माझा जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवला. माइक मात्र चांगला होता, तो शांततारावांनी दिला.

शांतताराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ज्या स्टुडिओत मी एकतीस वर्षं कोरसमध्ये गायले, तिथले ते रेकॉर्डिस्ट. काचेपलीकडून दिवसातून पन्नास वेळा "शांतता!" असं ओरडायचे, म्हणून आम्हा बायकांनी ठेवलेलं नाव. आता स्टुडिओ बंद पडलाय, त्यांचा उजवा कान गेलाय, आणि माझ्या घशात गाठ आहे.

गाठीचं ऑपरेशन एकवीस दिवसांवर होतं. डॉक्टरीणबाई फार गोड बोलत होत्या. मी म्हटलं, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? नंतर गाता येईल की नाही, तेवढं सांगा." त्यांनी फाइल मिटली. "बोलता येईल," म्हणाल्या. "गाण्याचं मी सांगू शकत नाही."

एकतीस वर्षांत मी किती गाण्यांत गायले असेन, मोजदाद नाही. पण माझा एकटीचा आवाज जगात कुठेही नाही. एका ओळीतही नाही. कोरसमधल्या बाईचं कामच ते असतं. शेजारणीचा श्वास ऐकायचा, तिच्याबरोबर श्वास घ्यायचा, तिच्या आवाजात आपला आवाज असा मिसळायचा की शोधूनही सापडू नये. मी त्यात तरबेज होते. आणि आता मला त्याचा संताप येत होता. या एकवीस दिवसांत एक गाणं, माझं स्वतःचं, माझ्या एकटीच्या आवाजात. मग घशाचं काय व्हायचं ते होवो.

२

गाणं माझंच होतं, शब्द आणि चाल दोन्ही. तरुणपणी रेकॉर्डिंगहून घरी यायला उशीर व्हायचा, हे गाढ झोपलेले असायचे, आणि मी बाहेर उभी राहून दार ठोठावायची. तेव्हा सुचलेलं. "दार उघड, मीच आहे" ही त्याची पहिली ओळ. साथीला काही नाही. वाद्यवृंद परवडण्यासारखा नव्हताच.

दुपारी एक ते तीन आमची इमारत गप्प असते. मुलं शाळेत, माणसं कामावर, आणि बाकीचे जेवून आडवे. ही वेळ मी धरली. शांततारावांनी फोनवर बजावलं होतं, "ताई, आधी नुसती खोली घ्या. तीस सेकंद. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. खोलीची शांतता आपल्याजवळ पाहिजे. नंतर ती गाण्याखालून काढून टाकता येते."

हे मला नवीन नव्हतं. स्टुडिओत असं करताना आम्ही सगळ्याजणी श्वास रोखून उभ्या राहायचो. मी लॅपटॉपवर बटण दाबलं, माइकसमोर उभी राहिले, श्वास रोखला आणि मनात तीस मोजले. मग हेडफोन लावून ऐकत बसले.

सुरुवातीला काहीच नाही. दूरवर पाण्याचा पंप, जवळजवळ नसल्यासारखा. आणि एकोणिसाव्या सेकंदाला कुणीतरी श्वास घेतला.

झोपेतला किंवा दमलेल्या माणसाचा श्वास तो नव्हता. नाकातोंडातून एकदम, पोटापर्यंत, पण आवाज होऊ न देता घेतलेला. सूर लावायच्या अगदी आधीचा श्वास. तो मी हजारांत ओळखीन, आयुष्यभर मी तोच ऐकत आलेय. त्याच्यापुढे सूर यायला हवा होता. आला नाही. श्वास सोडल्याचाही आवाज आला नाही. अकरा सेकंद नुसती शांतता, आणि रेकॉर्डिंग संपलं.

माझाच असणार, असं मी स्वतःला सांगितलं. वयाबरोबर माणूस श्वास रोखायचं विसरतो. पण गाठ झाल्यापासून माझ्या श्वासाला बारीक शीळ येते. चहा ओततानासुद्धा ऐकू येते. या श्वासाला शीळ नव्हती.

मी ते परत ऐकलं नाही. गाणं करायला आले होते, चौकशी करायला नाही.

३

दुसऱ्या दिवशी गायले. बटण दाबलं, डोळे मिटले, आणि सुरुवात करणार तोच डाव्या बाजूने, अगदी कानाशी, तो श्वास आला.

इथे मी चूक केली. दुसरं कुणी असतं तर दचकून थांबलं असतं, पळालं असतं, निदान ओरडलं तरी असतं. मी काय केलं? मी त्याच्याबरोबर श्वास घेतला. एकतीस वर्षांची सवय. शेजारणीने श्वास घेतला की आपणही घ्यायचा. डोकं विचार करीपर्यंत छाती भरून झाली होती आणि गाणं सुरू झालं होतं.

आणि काय सांगू, सुरेख झालं. वरचा सूर, जो गेलं वर्षभर माझ्याच्याने लागत नव्हता, तो अलगद लागला. कुठे शीळ नाही, खरखर नाही. ऐकताना मला रडू आलं. वीस वर्षांपूर्वीचा माझा आवाज असा असेल, असं वाटलं.

संध्याकाळी यांना ऐकवलं. यांची एक खोड आहे. माझं नवं गाणं आलं की रेडिओला कान लावून बसायचे आणि दहा बायकांच्या गलक्यातून मला शोधून काढायचे. "ही बघ, इथे तू," असं, नकाशावर गाव दाखवावं तसं. कधी चुकले नाहीत.

आता डोळे मिटून त्यांनी सगळं गाणं ऐकलं. मग डोळे उघडले.

"छान आहे गं. कोण गातंय?"

"कोण म्हणजे? मी!"

हे जरा ओशाळले. "हो, हो. पुन्हा लाव बघू." पुन्हा ऐकलं. नंतर चष्मा काढून पुसत बसले. खोटं बोलायचं असलं की हे चष्मा पुसतात. "असेल," म्हणाले. "माझेच कान म्हातारे झाले. पण तू कुठे आहेस त्यात, मला नाही सापडलीस."

मी चिडले. म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा एकटी गायले आणि नवऱ्याला ओळखू येईना. त्या रात्री आमचं भांडण झालं आणि भाजी करपली.

४

चार दिवसांनी शांतताराव आले. खोली बघून खूश झाले. "अंड्यांचे ट्रे नाही लावलेत, फार बरं केलंत. लोक अख्खी भिंत भरतात. कोंबड्यांना बरं वाटत असेल, आवाजाला काडीचा उपयोग नाही."

खोलीच्या मधोमध उभे राहून त्यांनी टाळी वाजवली. रेकॉर्डिस्ट कुठल्याही खोलीत गेला की आधी टाळी वाजवतो, त्यावरून त्याला खोली कळते. डावा कान पुढे करून ऐकलं. परत वाजवली. कपाळाला आठी.

"काय झालं?"

"काही नाही. टाळी भरलेल्या खोलीतली येतेय."

"म्हणजे?"

"हॉल रिकामा असला तर टाळी एक वाजते आणि माणसं उभी असली तर वेगळी. माणसं आवाज खातात ना." मग स्वतःच हसले. "गाद्या खातायत. तीन गाद्या म्हणजे सात-आठ माणसं झाली की."

मी गाणं लावलं. त्यांनी हेडफोन घातले, चांगल्या कानावरची बाजू हाताने दाबून धरली.

"ताई, हात लावू नका आता याला. हेच ठेवा."

"बरं झालंय?"

"तीस वर्षं मी तुम्हाला काचेतून बघितलंय. असं तुम्ही कधी गायला नव्हतात."

एरवी हे ऐकून मी चार दिवस हवेत तरंगले असते. पण यांचं 'कोण गातंय' डोक्यातून जात नव्हतं. मी सुरुवातीचा श्वास पुन्हा लावला. "हा कोणाचा?"

"तुमचा. दुसरं कोण आहे खोलीत?" ते उठले. दाराचं ब्लँकेट बाजूला करताना हळू आवाजात म्हणाले, "पण एक करा. गाऊन झालं की दार उघडं टाकत जा. कोंदट होते खोली." आणि चहाला न थांबताच गेले. शांतताराव चहा सोडून गेले, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

५

त्यांनी सांगूनही मी रोज गात राहिले. हे कबूल करायला हवं, कारण कुणी मला जबरदस्ती केली नव्हती. गाणं रोज आदल्या दिवसाहून चांगलं होत होतं. श्वास यायचा, मी त्याच्याबरोबर घ्यायची. एकदा तर गाता गाता मी जरा डावीकडे सरकले, जागा दिल्यासारखी. कोरसमध्ये सरकतात तशी. उजवीकडे कुणी आल्यासारखं वाटलं म्हणून.

नवव्या दिवशी स्वयंपाकघरातून यांना हाक मारली. "अहो, गॅस बंद करा." हे तिथेच, चार पावलांवर पेपर वाचत बसलेले. मान वर नाही. मी पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा हाक मारत हात धरून हलवलं तेव्हा दचकले.

"अगं, हाक मारायची ना!"

"तीनदा मारली."

"मला एकदाही ऐकू नाही आली."

गाठीमुळे घसा बसत चाललाय, हे सरळ कारण होतं. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलंही होतं. दूधवाल्याने मी काय म्हणाले ते दोनदा विचारलं. फोनवर मुलगी "हॅलो, हॅलो" करत राहिली आणि लाइन खराब म्हणून तिने फोन ठेवला. सगळ्याला गाठ पुरेशी होती. एका गोष्टीला मात्र नव्हती. घरात माझा आवाज दिवसेंदिवस विरत होता आणि आतल्या खोलीत तो दिवसेंदिवस उजळत होता. घसा एकच, मग असं कसं?

मी यांना म्हटलं, "त्या खोलीत कुणीतरी आहे."

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," हे म्हणाले. पण त्यांनी पेपर खाली ठेवला होता, आणि ते खोलीच्या दाराकडे बघत होते.

६

कोरसमध्ये एक लबाडी सगळ्यांना माहीत असते. सर्दी झाली, आवाज बसला, तर दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून आपण रांगेत उभं राहतो आणि नुसते ओठ हलवतो. बाकीच्या गातात, काचेपलीकडे कुणाला पत्ता लागत नाही. मी स्वतः चार-पाच वेळा केलंय.

बाराव्या दिवशी दुपारी मी आत गेले आणि बटण दाबलं. श्वास आला. मी श्वास घेतला नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी नुसते ओठ हलवले. खोलीत मला काही ऐकू आलं नाही, हे शपथेवर सांगते. फक्त माझ्या जिभेचा ओला चटचट आवाज. चार मिनिटं मी मुक्याने गायले. मग बटण बंद केलं आणि हेडफोन घातले.

"दार उघड, मीच आहे."

सगळं गाणं होतं. एकही जागा सुटलेली नव्हती. दुसऱ्या कडव्यातली हरकत मी गेले दोन दिवस घ्यायचा प्रयत्न करत होते, ती तिथे घेतलेली होती, आणि बरोबर घेतलेली होती. आवाज एका बाईचा नव्हता. इतका एकजीव होता की एकीचा वाटावा, पण मला नका शिकवू. मी त्यातच आयुष्य काढलंय. त्या कमीत कमी सहाजणी होत्या.

आणि मग, का कोण जाणे, भीतीच्या खालून राग वर आला. लहानपणी कुणी माझी पाटी पुसली की यायचा तसला. माझे शब्द, माझी चाल, मी दाराबाहेर थंडीत उभी राहून केलेलं गाणं. आणि त्यात मी सोडून सगळ्या!

शांतताराव म्हणाले होते, हेच ठेवा. ठेवलं असतं तर जगाने ऐकलं असतं, वाहवा केली असती. माझं नाव लागलं असतं. नऊ दिवसांनी गळ्यावर सुरी फिरली असती आणि कुणाला कधीच कळलं नसतं.

मी सगळं पुसून टाकलं. बारा दिवसांची एकूण एक रेकॉर्डिंग्ज. शेवटचं पुसताना लॅपटॉपने विचारलं, नक्की का? मी मोठ्याने म्हटलं, "नक्की." मला स्वतःला ते जेमतेम ऐकू आलं.

७

नंतरचे पाच-सहा दिवस मी आत पाऊल टाकलं नाही. हे म्हणाले, "काढून टाकू सगळं. गाद्या खाली नेऊन ठेवतो." मी बरं म्हटलं. ऑपरेशनला तीन दिवस होते आणि हॉस्पिटलची पिशवी भरायची होती.

सकाळी दहाला आम्ही आत गेलो. यांनी खिडकीवरची रजई काढली. इतक्या दिवसांनी खोलीत ऊन आलं आणि गाद्यांवर तिरपं पडलं.

हे रजईची घडी करत होते, पाठ माझ्याकडे. म्हणून ते फक्त मी पाहिलं.

जुन्या फोमच्या गादीवरून माणूस उठला की त्याचा खळगा जरा वेळ राहतो. भिंतीला उभ्या केलेल्या त्या तीन गाद्यांवर खळगे होते. डोक्याच्या उंचीवर एक वाटोळा, त्याच्याखाली खांद्यांची रुंदी, खाली टाचांपर्यंत. एकाशेजारी एक. पाठ टेकून, खांद्याला खांदा लावून, रांगेत उभं राहिल्यासारखे. मी मोजले. सात. ते भरत नव्हते. म्हणजे उठून गेलेलं कोणी नव्हतं.

आणि डावीकडून चौथ्या-पाचव्याच्या मध्ये एका माणसाची जागा सोडलेली होती. तिथली गादी सपाट, कोरी. माझ्याच उंचीच्या दोघींच्या मध्ये. रांग लावताना उंची बघूनच लावतात.

मी किती वेळ बघत होते कोण जाणे. तेवढ्यात पहिल्या खळग्याची छाती किंचित फुगल्यासारखी झाली, मग दुसऱ्याची. एकाच वेळी नव्हे, पण जवळजवळ.

"काय गं?" हे वळले. "पांढरीफटक झालीस."

"रजई परत लावू नका," मी म्हटलं. "खिडकी उघडी राहू दे. दारही उघडा. आणि तुम्ही बाहेर जा."

"आता काय?"

"आता मी गाणार."

"अगं, दार-खिडकी उघडी टाकून? खालून गाड्या जातायत, समोर भिंत फोडतायत..."

"जाऊ देत. फोडू देत."

यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. एकोणतीस वर्षांच्या संसारात यांना एक शहाणपण आलंय, माझा हा चेहरा दिसला की वाद घालत नाहीत. "मी दाराबाहेरच आहे," म्हणाले, आणि गेले.

८

मुख्य गायिका आणि कोरस यांच्यात फरक आवाजाचा नसतो. आमच्यात तिच्याहून चांगल्या गळ्याच्या बायका होत्या. फरक उभं राहण्याचा असतो. कोरस रांगेत, भिंतीशी. ती पुढे, कोरसकडे पाठ करून.

इतके दिवस मी माइक भिंतीकडे लावला होता, आणि गादीपासून दोन हातांवर तिच्याकडे तोंड करून गात होते. आता मी स्टँड उचलला आणि खिडकीशी नेला. बटण दाबलं. आणि त्या भिंतीकडे पाठ केली.

खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती. वळून बघावं असं इतकं वाटत होतं की मी खिडकीचा गज घट्ट धरला. खाली एक टेम्पो मागे मागे येत होता आणि त्याचा भोंगा केकाटत होता. समोरच्या इमारतीत ड्रिल चालू होतं.

मागून श्वास आला. सगळ्यांचा एकदम. इतका जवळून की मानेला गार लागलं.

माझी छाती आपोआप भरायला लागली, आणि मी ती दाबून धरली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी कोरसचा श्वास चुकवला. त्यांचा श्वास भरून झाला, सुरुवातीची जागा आली, तेव्हाही मी गप्प. मागे क्षणभर गडबड झाली. कुणी आधी सुरू करावं ते न कळल्यासारखी. ती गडबड ऐकून मला हसूच फुटलं, आणि त्या हसण्यातच, अर्ध्या श्वासावर, टेम्पोच्या भोंग्यावरून मी सुरू केलं.

भयंकर गायले. आवाज फाटला, शीळ आली. वरच्या सुराला गेले आणि तो लागला नाही, तरी सोडला नाही, तसाच ओरडून धरला. मागून त्या मिसळायला बघत होत्या, माझ्या आवाजाच्या कडेकडेने, फट शोधत. मी लय ओढली. त्या ओढल्या गेल्या. मी मध्येच थांबले, खोकले, पुढची ओळ मुद्दाम उशिरा उचलली. कोरसमध्ये ज्या ज्या चुकांसाठी मी बोलणी खाल्ली होती त्या सगळ्या एकेक करून केल्या. हीच माझी ओळख होती, दुसरी काही नव्हतीच.

शेवटच्या कडव्याला खांद्याला काहीतरी टेकलं. दोन्ही खांद्यांना, दोन्ही बाजूंनी. ओढलं नाही. नुसतं टेकलं, जसं रांगेत शेजारणीचा खांदा टेकतो. इतकं ओळखीचं होतं ते, इतकं आपलं, की एक क्षण मला वाटलं जावं मागे. त्यांनी जागा ठेवली होती माझ्यासाठी. एवढी जागा मला पुढच्या माइकशी कधीच कुणी दिली नव्हती.

"नाही," मी म्हटलं. गाण्याच्या मध्येच. तेही रेकॉर्ड झालंय. आणि उरलेल्या दोन ओळी गाऊन संपवल्या.

९

हे दाराबाहेर स्टुलावर बसले होते. मी काही न बोलता हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला. मला आता बोलायला आवाजच नव्हता, नुसती हवा येत होती.

गाणं सुरू झालं आणि यांनी चष्मा काढला. पुसला नाही, हातात धरून बसले. मी त्यांचा चेहरा बघत होते. पहिलं कडवं, दुसरं कडवं. माझ्या खोकल्याला त्यांच्या भुवया वर गेल्या. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही पुसलं नाही.

"अगं," म्हणाले, "किती वाईट झालाय तुझा घसा."

इतकं बरं मला कुठल्याही कौतुकाने कधी वाटलं नव्हतं. मी त्यांच्या गुडघ्याशी खालीच बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे ऐकत राहिले. शेवटचं कडवं आलं असावं, कारण डोक्यावरचा हात एकदम थांबला. हेडफोनची एक बाजू त्यांनी कानावर दाबली. मग हळूच उघड्या दारातून आत पाहिलं, गाद्यांकडे.

"हे मागे कोण गातंय?"

मी वळून पाहिलं नाही. घशात उरलीसुरली होती तेवढी हवा गोळा केली.

"मागेच आहेत ना?" मी म्हटलं. "मग गाऊ देत."